इष्ट आणि साध्य : आगरकरांच्या नीतिविचाराचे गद्य

गोपाळ गणेश आगरकरांविषयी मराठीत झालेल्या लेखनाचे स्थूलमानाने दोन प्रवाह दिसतात. पहिला चरित्राचा. कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी १८५६ साली झालेला जन्म, कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला अशी शिक्षणासाठी झालेली वणवण, डेक्कन कॉलेजातील अभावाचे दिवस, मोठ्या पगाराच्या नोकरीची आशा धरू नये असे आईला कळविणारे पत्र, दम्याने पोखरलेले शरीर आणि १७ जून १८९५ रोजी वयाची एकोणचाळीस वर्षे पुरी होण्याआधीच आलेला मृत्यू, हे या प्रवाहातील ठरलेले टप्पे होत. वि. स. खांडेकरांच्या ‘आगरकर : व्यक्ति आणि विचार’ या पुस्तकात या चरित्राला भावनेची उत्कट जोड मिळाली, तर य. दि. फडके यांनी १९९६ सालच्या आपल्या ग्रंथात कागदपत्रांच्या आधारे त्याची कसून छाननी केली. दुसरा प्रवाह विचारांच्या सारांशाचा आहे. त्यात मिलकडून काय घेतले, स्पेन्सरकडून काय घेतले, याची यादी होते आणि बुद्धिप्रामाण्यवाद, व्यक्तिवाद, ऐहिकता अशी नावे देऊन ती पूर्ण होते.

या दोन्ही प्रवाहांत एक गोष्ट निसटते. आगरकरांनी नीतिशास्त्रावर प्रबंध लिहिला नाही. धर्माचा आणि परलोकाचा आधार काढून घेतल्यानंतर नीती कशावर उभी राहणार, हा त्यांच्या विचारातील सर्वांत अवघड प्रश्न. त्याचे उत्तर त्यांनी दर आठवड्याला, छापखान्याच्या घाईत, जाकीट, सोवळे, केशवपन, श्राद्ध अशा विषयांवर लिहिताना दिले. म्हणून ते उत्तर त्यांच्या सिद्धान्तांत जितके सापडते त्याहून अधिक त्यांच्या वाक्यरचनेत, उपरोधात आणि वाचकाला उद्देशून बोलण्याच्या रीतीत सापडते. देवतांची उत्पत्ती कशी झाली हे ज्याने उलगडून दाखविले त्याचेच चरित्र पुढे पोथीसारखे वाचले जावे, यातला विरोधाभास लक्षात घेतला तर त्यांच्या गद्याकडे वळण्याची गरज अधिकच पटते.

या गद्याचा आरंभ एका चुकीपासून झाला आहे. ४ जानेवारी १८८१ रोजी ‘केसरी’ निघाला आणि आगरकर त्याचे पहिले संपादक झाले. कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ होत असल्याच्या बातम्यांवरून ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांनी तेथील दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर कडक टीका केली. तिला आधारभूत मानलेली पत्रे बनावट ठरली. संपादकांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर यांना १८८२ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली. प्रत्यक्षात त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. ‘डोंगरीच्या तुरुंगांतील आमचे १०१ दिवस’ हे छोटे पुस्तक त्या अनुभवातून आले. मराठीतील तुरुंगवृत्तान्ताची सुरुवात म्हणून त्याचा उल्लेख होतो, आणि दोघां मित्रांच्या तेथील चर्चांमुळे पुढच्या दुराव्याच्या पार्श्वभूमीवर ते हळवेपणाने वाचलेही जाते. पण या प्रकरणाचा गाभा पुराव्याचा आहे. हेतू शुद्ध, कळवळा खरा, अन्यायाची चीड अस्सल, आणि तरीही विधान असत्य. आगरकरांच्या पुढच्या लेखनात पुराव्याखेरीज विश्वास ठेवणे हा केवळ बुद्धीचा दोष राहत नाही, तो आचरणाचा दोष ठरतो. या आग्रहाची मुळे डोंगरीत आहेत असे निश्चयाने म्हणता येणार नाही, कारण मिलचे वाचन त्याआधीचेच आहे. मात्र भोळ्या सद्भावनेने दुसऱ्या माणसाचे केवढे नुकसान होऊ शकते, हे ज्याला स्वतःच्या लेखणीवरून कळले आहे अशा माणसाचा स्वर त्या आग्रहाला आहे, एवढे नक्की.

तुरुंगवासाशी निगडित दुसरी कृती म्हणजे शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे भाषांतर. ‘विकारविलसित’ या नावाने ते १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे शाहूनगरवासी नाटक मंडळीच्या प्रयोगांत गणपतराव जोशांच्या भूमिकेने गाजले. रंगभूमीच्या इतिहासात या नाटकाची दखल बरीच घेतली गेली आहे. आगरकरांच्या नीतिविचाराच्या संदर्भात मात्र ते क्वचितच वाचले जाते. मूळ नाटकाचे नाव एका माणसाचे. आगरकरांनी ते बाजूला ठेवून मनोविकारांच्या खेळाला शीर्षकात स्थान दिले. एका राजपुत्राची शोकांतिका त्यांना विकारांच्या क्रीडेचे निदर्शन वाटली असावी. या शीर्षकामुळे नाटकाचा भार नियतीवरून माणसाच्या अंतःकरणावर सरकतो. जे घडते ते पूर्वकर्माने किंवा दैवाने घडत नाही, विकारांच्या परस्परसंघर्षातून घडते आणि म्हणून ते समजून घेता येते, असा या नामांतराचा अर्थ लावता येतो. शिवाय जे करणे योग्य ते पूर्णपणे कळलेले असूनही ते हातून होत नाही, ही त्या राजपुत्राची व्यथा आगरकरांना परकी नव्हती. कळणे आणि करणे यांतील अंतर हा पुढे त्यांच्या सगळ्या सुधारणाविषयक लेखनाचा विषय होणार होता.

१८८७ मध्ये ‘केसरी’चे संपादकत्व सुटले आणि १५ ऑक्टोबर १८८८ रोजी ‘सुधारक’ सुरू झाला. त्याच १८८८ सालचे ‘वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण’ हे व्याकरणाचे पुस्तक आगरकरांच्या अभ्यासकांनी बहुधा ग्रंथसूचीतच ठेवले आहे. तसे करणे योग्य नाही. वाक्याचे घटक सुटे करावेत, कर्ता कोण, क्रिया कोणती, कोणते उपवाक्य कोणावर अवलंबून आहे हे पाहावे, ही पृथक्करणाची पद्धत या पुस्तकाने मराठीच्या अध्यापनात रुजविली. ‘सुधारका’तल्या निबंधांची रीत हीच आहे. रूढी ही त्यांच्यापुढे एका वाक्यासारखी येते. हे कोणी करावयाचे, कोणासाठी, कोणत्या कारणाने, आणि ते कारण आज शिल्लक आहे काय, असे प्रश्न विचारत ते तिचे अवयव वेगळे करतात. ‘सोवळ्याची मीमांसा’ या निबंधाचे नावच बोलके आहे. वेदवाक्यांच्या अर्थनिर्णयासाठी घडलेल्या शास्त्राचे नाव स्वयंपाकघरातल्या वस्त्राला लावले की हसू येते. पण ते हसू ओसरल्यावर उरते ती खरोखरीची मीमांसा. उपरोध आणि तर्क हे आगरकरांच्या गद्यात दोन वेगळे पदार्थ नाहीत. गंभीर पद्धत क्षुद्र मानलेल्या विषयाला प्रामाणिकपणे लावली म्हणजे उपरोध आपोआप निर्माण होतो.

त्यांच्या वाक्याची घडण पाहिली तर ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांचे लांब वाक्य प्रतिपक्षावर आघात करण्यासाठी फुगत जाते. त्याचा आनंद शब्दांच्या वैभवात असतो. आगरकरांचे लांब वाक्य अटींनी भरलेले असते. अमुक मान्य केले, तमुक खरे धरले, आणि विरुद्ध पक्षाचे म्हणणे एवढ्यापुरते स्वीकारले, तर पुढे काय निष्पन्न होते, अशी त्याची चाल असते. वाचक एकेक अट मान्य करीत जातो आणि वाक्य संपते तेव्हा आपल्याच संमतीने आपण कोठे आलो हे त्याला उमगते. मग येते ते आखूड, कधी कठोर वाक्य. टीकाकारांनी या कठोरपणाबद्दल आगरकरांना पुष्कळदा दोष दिला आहे आणि तो अगदीच अनाठायी नाही. संतापाच्या भरात त्यांचा तोल काही ठिकाणी जातो, आणि अशा ठिकाणी ते चिपळूणकरांच्या जवळ येतात. परंतु त्यांचे उत्तम निबंध वाचकाच्या संमतीवर उभे आहेत. आज्ञा देणारा ग्रंथ नाकारल्यावर लेखकाच्या हाती दुसरे साधन राहत नाही. ‘तरुण सुशिक्षितांस विज्ञापना’ या शीर्षकातील ‘विज्ञापना’ हा शब्द त्या दृष्टीने नेमका आहे.

नीतीच्या अधिष्ठानाचा प्रश्न येथे येऊन भिडतो. ‘देवतोत्पत्ती’सारख्या निबंधात आगरकर स्पेन्सरच्या मार्गाने जातात. स्वप्न, छाया, मृत्यू यांचा उलगडा करू पाहणाऱ्या आदिम माणसाच्या कल्पनांतून भूतयोनी आणि देवता कशा उदयाला आल्या, हे ते सांगतात. या मांडणीचा नैतिक परिणाम लक्षणीय आहे. आदिम माणूस त्यात मूर्ख ठरत नाही. त्याच्याजवळ जेवढे ज्ञान होते तेवढ्यावरून त्याने केलेले अनुमान स्वाभाविक होते. दोष येतो तो अधिक ज्ञान हाती असूनही जुन्या अनुमानाला चिकटून राहणाऱ्याकडे. ‘शहाण्यांचा मूर्खपणा अथवा आमचे प्रेतसंस्कार’ या निबंधाच्या नावात म्हणूनच शहाण्यांना स्थान आहे. अडाणी माणसाच्या श्रद्धेवर आगरकर फारसे तुटून पडत नाहीत. त्यांचा खरा प्रतिपक्ष इंग्रजी शिकलेला, मनातून काहीच न मानणारा आणि लोकलाजेस्तव सर्व काही करणारा पदवीधर आहे. देव न मानता नीती कशी टिकेल, असा प्रश्न त्यांना विचारला जाई. त्यांचे लेखन तो प्रश्न उलटवते : देव मानण्याचे सोंग करून नीती टिकली आहे काय?

पण प्रश्न उलटविल्याने सुटत नाही. परलोकातील साक्षीदार काढून टाकला तर त्याच्या जागी कोण येतो? लोकमत हे एक संभाव्य उत्तर होते. उपयुक्ततावादी परंपरेत लोकनिंदेच्या धाकाला काही स्थान आहेच. आगरकरांना ते स्वीकारता येत नाही, कारण ज्या लोकमताशी त्यांचे आयुष्यभर भांडण चालले त्यालाच ते न्यायाधीश कसे करणार? जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा निघालेली पाहणाऱ्या माणसाला लोकनिंदेचे नैतिक मूल्य वेगळे सांगावे लागत नाही. सुख हे दुसरे उत्तर. ते आगरकर देतात, मनुष्यमात्राच्या ऐहिक सुखाची वाढ हा सुधारणेचा हेतू म्हणून पुनःपुन्हा मांडतात. मात्र विधवांच्या स्थितीवर किंवा ‘स्त्रीदास्यविमोचन’ या विषयावर लिहिताना त्यांची भाषा सुखाच्या हिशेबाची राहत नाही. तेथे कोणाचे सुख किती वाढेल याची बेरीज होत नसून एका माणसाने दुसऱ्याच्या देहावर आणि आयुष्यावर सत्ता गाजवावी हेच असह्य मानले जाते. स्त्रीपुरुषांना एकच शिक्षण द्यावे व तेही एकत्र द्यावे, हा त्यांचा आग्रह उपयुक्ततेच्या युक्तिवादांनी सजविलेला असला तरी त्याच्या मुळाशी व्यक्तीच्या स्वयंनिर्णयाची प्रतिष्ठा आहे. आगरकरांची घोषित उपपत्ती आणि त्यांच्या गद्यातून प्रत्ययाला येणारी नीती यांत अशी एक फट आहे. तिला वैचारिक दौर्बल्य म्हणण्याची घाई करू नये. घोषित उपपत्तीला न झेपणारे ओझे त्यांच्या गद्याने उचललेले आहे.

स्पेन्सरशी असलेले त्यांचे नाते याच कारणाने सरळ नाही. समाज हा हळूहळू विकसित होणारा सजीव देह आहे, ही कल्पना आगरकरांनी मनापासून घेतली. परंतु त्या कल्पनेतून निघणारा सरकारी हस्तक्षेपाचा विरोध त्यांनी घेतला नाही. बेहरामजी मलबारींच्या १८८४ सालच्या टिपणांपासून १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यापर्यंत चाललेल्या वादात ते कायद्याच्या बाजूने उभे राहिले. विवाहित मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारावर नेणारा तो कायदा आजच्या दृष्टीने अत्यल्प वाटतो. परक्या सरकारला घरात येऊ देऊ नये, हा टिळकपक्षाचा आक्षेप पोकळ नव्हता आणि आगरकरांना त्याची जाणीव नव्हती असेही नाही. मात्र समाजाची क्रमशः होणारी उत्क्रांती आणि दहा वर्षांची मुलगी यांत निवड करण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी सिद्धान्ताला थांबायला सांगितले.

याच जागी ‘सुधारका’च्या प्रसिद्ध प्रतिज्ञेचा विचार करावा लागतो. जे इष्ट वाटते ते बोलू आणि जे साधण्याजोगे असेल ते करू, असा तिचा आशय. हा आशय इतका परिचित झाला आहे की त्यातील दोन क्रियापदांना दोन वेगळी मापे लावलेली आहेत हे सहसा ध्यानात येत नाही. बोलण्याची मर्यादा इष्टता, करण्याची मर्यादा शक्यता. विरोधकांनी यात पळवाट पाहिली : बोलायचे सगळे आणि करायचे जमेल तेवढे. आक्षेपाला चरित्रातून आधार देता येईल. पत्नी यशोदाबाई श्रद्धाळू होत्या आणि त्यांच्या देवधर्माला आगरकरांनी घरात मज्जाव केला नाही. चरित्रकार हे उदारपणाचे उदाहरण म्हणून देतात, टीकाकार विसंगतीचे म्हणून. दोन्ही वाचने अपुरी आहेत. व्यक्तीच्या मतस्वातंत्र्याचा पुरस्कर्ता पत्नीच्या श्रद्धेवर नवरेपणाच्या अधिकाराने बंदी घालील, तर ज्या सत्तेवर त्याने लेख लिहिले तीच सत्ता तो वापरील. साध्याची मर्यादा येथे बाहेरून आलेली नाही, ती इष्टाच्याच पोटातून आली आहे. प्रतिज्ञेतील दोन मापांचा हा अर्थ पळवाटीच्या आरोपाने झाकला जातो.

खरी मर्यादा वेगळीकडे आहे. ‘सुधारक’ काढण्याचा हेतू सांगताना आगरकरांनी भारतीय आर्यत्व ही आपली मूळ प्रकृती न सोडता पाश्चात्त्य विद्या आणि कल्पना अंगीकाराव्यात, अशी भूमिका घेतली. मनुष्यमात्राच्या नावाने बोलणाऱ्या लेखकाने स्वतःची ओळख सांगताना ‘आर्य’ हा शब्द निवडावा, हे त्या काळाचे शब्दभांडार होते, असे म्हणून सोडून देता येत नाही. त्या शब्दाने पुण्यातच काही अंतरावर चाललेल्या एका दुसऱ्या नीतिविचाराकडे पाठ फिरते. जोतीराव फुले १८९० मध्ये निवर्तले. त्यांचे ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ १८९१ साली, म्हणजे ‘सुधारका’च्या ऐन उमेदीच्या काळात प्रसिद्ध झाले. फुल्यांनी निर्मिकाला ठेवले आणि त्याच्या एकत्वावरून सर्व स्त्रीपुरुषांच्या समान हक्कांचा निष्कर्ष काढला. आगरकरांनी ईश्वराला अज्ञेयाच्या प्रांतात सोडून दिले. तत्त्वज्ञानाच्या कसोटीवर आगरकर अधिक सुसंगत दिसतात. समाजाच्या आवाक्याच्या कसोटीवर मात्र फुल्यांचा ‘मनुष्य’ अधिक विस्तृत आहे. आगरकरांच्या निबंधांतील विधवा, बालवधू, सोवळ्यात अडकलेला पदवीधर ही बहुतांशी ब्राह्मण घरातली माणसे आहेत. जातिभेद त्यांना निंद्य वाटतो आणि तसे ते निःसंदिग्धपणे लिहितात. शेतकऱ्यांचे दारिद्र्यही त्यांच्या लेखनात येते. परंतु त्यांचे गद्य जिवंत होते ते घराच्या आत. १८८२ च्या खटल्यात या दोघा तरुण संपादकांच्या जामिनासाठी सत्यशोधक रामशेट बापूशेट उरवणे पुढे आले होते. त्या घटनेतून जे वैचारिक देवाणघेवाणीचे नाते जुळू शकले असते ते जुळले नाही, ही मराठी प्रबोधनाच्या इतिहासातली मोठी उणीव होय.

अभ्यासकांपुढे आणखी एक अडचण आहे, ती वरवर तांत्रिक भासते. ‘केसरी’तील लेखन निनावी असे. म. गं. नातू आणि दि. य. देशपांडे यांनी संपादित केलेल्या ‘आगरकर-वाङ्मया’च्या तीन खंडांमुळे संहिता हाताशी आली, तरी ‘केसरी’च्या काळातील कोणता लेख कोणाचा हा प्रश्न सर्वत्र निर्विवादपणे सुटलेला नाही. निनावी संपादकीयाचे सर्वनाम ‘आम्ही’ आणि व्यक्तिवादाचा मराठीतला सर्वांत निर्भीड पुरस्कर्ता आयुष्यभर याच सर्वनामात लिहीत राहिला. ‘केसरी’तले ‘आम्ही’ खरोखरीचे अनेकवचन होते. न्यू इंग्लिश स्कूल, १८८४ ची डेक्कन एज्युकेशन सोसायटी, १८८५ चे फर्ग्युसन कॉलेज, या सगळ्यांत गुंतलेल्या आणि महिना पंच्याहत्तर रुपयांत समाधान मानणाऱ्या तरुणांचा तो एकत्रित आवाज होता. ‘सुधारका’त सर्वनाम तेच राहिले, पण त्याच्या मागची माणसे पांगली. इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखले पाहत. मराठी मजकुराचा भार मुख्यत्वे आगरकरांवर होता. १८९० मध्ये टिळक संस्थेतून बाहेर पडले. १८९२ मध्ये वामन शिवराम आपटे वारले आणि फर्ग्युसनच्या प्राचार्यपदाची जबाबदारी आगरकरांकडे आली. शिकवणे, संस्था सांभाळणे आणि बळावत चाललेला दमा यांतून वेळ काढून ते हे अनेकवचन एकट्याने चालवीत होते.

त्या ‘आम्ही’चा अर्थ यामुळे बदलतो. ‘केसरी’त ते जमलेल्या लोकांच्या वतीने बोलते, ‘सुधारका’त अजून न जमलेल्या लोकांच्या वतीने. संमती देईल असा वाचक समोर आहे असे गृहीत धरून वाक्य रचावे लागते आणि तो नसेल तर त्या वाक्यानेच तो घडवावा लागतो. १९२७ ते १९५३ या काळात र. धों. कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ अशाच एकाकी अवस्थेत चालविले. देशपांड्यांनी १९९० मध्ये सुरू केलेले मासिक पुढे ‘आजचा सुधारक’ या नावाने निघत राहिले. या परंपरेचा इतिहास बुद्धिवादाचा इतिहास म्हणून लिहिला जातो, तसा तो संपादकीय सर्वनामाचा इतिहास म्हणूनही लिहिता येईल. त्यासाठी पहिले काम संहितेचे आहे : ‘केसरी’तील निनावी लेखांची शैलीच्या अंगाने फेरतपासणी, आणि तीही ‘वाक्यमीमांसा’ हाताशी ठेवून. अटींची ती चढण आणि शेवटचे आखूड वाक्य १८८७ पूर्वीच्या कोणत्या लेखांत आढळते हे पाहिले, तर कर्तृत्वाच्या काही वादांवर तरी प्रकाश पडू शकेल.